पडद्यावरचा मुंज्या आणि पेण-रोह्याचे प्रेक्षक

भुताच्या गोष्टीला भिण्याचें एक वय असतें आणि तिला हंसण्याचेंहि एक वय असतें. परंतु भिणें व हंसणें दोन्ही एकाच बैठकीला करावयास लावील अशी गोष्ट क्वचितच जमते. तसा एक प्रयत्न ७ जून २०२४ रोजीं पडद्यावर आला आणि पाहतां पाहतां घरोघरीं पोंचला. त्याचें नांव 'मुंज्या'. भाषा हिंदी, पण भूत अस्सल कोंकणचें. दिग्दर्शक श्री. आदित्य सरपोतदार हे मूकपटांच्या काळीं नांव मिळविलेल्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यांतले, आणि आजीच्या भूमिकेंत आपल्या सुहास जोशी. तेव्हां ह्या चित्रपटाची चर्चा आमच्या वाचकवर्गांत व्हावी यांत नवल नाहीं. पेण व रोहें येथील कांहीं कुटुंबांतून जीं मतें आमच्या कानीं आलीं, तीं एकमेकांहून इतकीं निराळीं होतीं कीं, या महिन्याचें हें पान त्यांनाच द्यावें असें आम्हीं ठरविलें. मतें देणारीं मंडळी तुमच्या-आमच्यासारखीं संसारी आहेत. त्यांचीं नांवें येथें मुद्दामच दिलेलीं नाहींत.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. साल १९५२. कोंकणांतल्या एका ब्राह्मण घरांतला गोट्या नांवाचा मुलगा. आपल्याहून सात वर्षांनीं मोठ्या असलेल्या मुन्नीशींच लग्न करीन, असा त्याचा हट्ट. घरचीं माणसें त्याची मुंज उरकून घेतात. तिकडे मुन्नीचें लग्न दुसऱ्याशीं होतें. पोर हट्टाला पेटतो आणि चेटुकवाडींतल्या झाडाखालीं धाकट्या बहिणीचा बळी देऊन मुन्नी मिळविण्याचा अघोरी खटाटोप करूं लागतो. त्यांत बहीण वांचते व तो स्वतःच प्राणास मुकतो. तोच मुंज्या. पुढें कित्येक वर्षांनीं त्याच घराण्यांतला बिट्टू नांवाचा एक भित्रा, लाजाळू तरुण पुण्याहून गांवीं येतो आणि मुंज्या त्याच्या मानगुटीस बसतो. वांचलेली ती बहीण हीच आतां बिट्टूची आजी. मुन्नी म्हातारी झाल्याचें कळतांच मुंज्याची दृष्टि तिच्या नातीकडे वळते, आणि नेमकी तिच्यावरच बिट्टूचीहि प्रीति असते. भुताच्या बंदोबस्ताला येणाऱ्या मांत्रिकाचें नांव एल्विस करीम प्रभाकर. तीन धर्म एकाच नांवांत बसवावे आणि तें काम सत्यराजसारख्या भारदस्त नटानें गंभीर चेहऱ्यानें करावें, ह्या युक्तीला दाद न देणारा प्रेक्षक आम्हांस अद्याप भेटला नाहीं.

पहिलें मत रोह्याजवळच्या धाटाव येथील औद्योगिक वसाहतींत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचें. मित्रांसह पनवेलीस जाऊन त्यानें हा चित्रपट लागलीच पाहिला. त्याला कौतुक वाटलें तें काटकसरीचें. 'मुंज्या'स सुमारें तीस कोटि रुपये खर्च आल्याचें प्रसिद्ध झालें आहे, आणि देशांतलें उत्पन्न शंभर कोटींच्या पुढें गेलें. सामान्य माणसाला तीस कोटि ही रक्कम थोडी नव्हे. पण हिंदी चित्रपटांच्या बाजारांत ती किरकोळच. मोठ्या नटावर पैसा न घालवितां तो भुतावर घातला, हेंच शहाणपण, असें ह्या तरुणाचें म्हणणें. तें खोटें नाहीं. भयपटांचा इतिहास पाहिला तर थोड्या पैशांत उभें राहणें हें ह्या प्रकाराच्या रक्तांतच आहे. अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, मुलें भुतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. त्या रात्रीचेंच नांव धारण करणारा 'हॅलोविन' हा जॉन कार्पेंटरचा १९७८ चा चित्रपट अवघ्या सव्वातीन लाख डॉलरांच्या आंतबाहेर तयार झाला होता, आणि त्यानें पुढच्या कित्येक चित्रपटांना वळण लावलें. अंधार, पावलांचा आवाज आणि दाराची करकर यांना फारसे पैसे पडत नाहींत. प्रेक्षकाच्या मनांत आधींपासून असलेली भीति तर फुकटच मिळते.

ह्याच घरांतल्या तरुणाच्या वडिलांचें मत मात्र पुत्राहून भिन्न. त्यांच्या डोळ्यांपुढें १९९३ सालचा श्री. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' होता. त्यांतल्या तात्या विंचूची बाहुली श्री. रामदास पाध्ये यांच्या हातची. कल्पना १९८८ च्या एका अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली असली, तरी लक्ष्मीकांत बेर्डे यांनीं ती अशी कांहीं मराठी करून टाकली कीं, तिचें परकेपण कोणाच्या ध्यानींमनींहि राहिलें नाहीं. वडिलांचें म्हणणें असें : तात्या विंचू हा हातांत धरतां येणारा होता, तो नटाच्या छातीवर खरोखरीच चढून बसे, म्हणून नटाची घाबरगुंडीहि खरी वाटे. मुंज्या हा सर्वस्वीं संगणकाच्या करामतीचा. बिट्टूचें काम करणारा अभय वर्मा हा पोकळीकडे पाहून घाबरतो आहे हें कळून येतें. आम्हांस स्वतःला अभय वर्मा यांचें काम चांगलें वाटलें. तरी वडिलांच्या बोलण्यांत तथ्य आहे, हें मान्य करणें भाग आहे.

पण संगणकाच्या ह्या भुताला पेणमध्यें एक अनपेक्षित पाठिराखा मिळाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस 'मुंज्या' दूरचित्रवाणीवर आला, तेव्हां गणेशचतुर्थी अवघ्या दोन आठवड्यांवर होती. पेणच्या कारखान्यांतून त्या दिवसांत काय लगबग असते तें सांगावयास नको. रात्र रात्र रंगकाम चालतें. अशाच एका कारखान्यांत कोपऱ्यांत चित्रपट चालूं होता आणि एक वयस्क मूर्तिकार हातांतलें काम न थांबवितां मधून मधून तिकडे पाहत होते. मूर्तीचें शेवटचें व सर्वांत अवघड काम म्हणजे डोळ्यांची आखणी. तें ज्याच्या हातीं आहे तो माणूस कोणताहि चेहरा पाहतांना प्रथम डोळे पाहतो. त्यांचें मत दोन वाक्यांत आटोपलें. दांत, नखें, सुरकुत्या हें सारें कोणीहि काढील; पण ह्या भुताचे डोळे ज्यानें केले त्यानें ते लहान मुलाचेच ठेवले आहेत, हें त्याचें कसब. आणि डोळे मुलाचे राहिले म्हणूनच, आपण त्याला पुरते भीतहि नाहीं आणि त्याचा पुरता रागहि करीत नाहीं. चित्रपटांवर पानेंच्या पानें लिहिणाऱ्या टीकाकारांना जें सांगतां आलें नाहीं, तें ह्या कारागिरानें कुंचला हातांतून न ठेवतां सांगितलें, असें आम्हांस वाटतें.

मुलांच्या मतांविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. पेणच्या एका वाड्यांत आठ ते बारा वर्षांच्या पांच मुलांनीं तो एकत्र पाहिला. पांचहि जणांना तो आवडला. आठवडाभर घरांत मुंज्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल चालली होती, आणि त्यांतलाच सर्वांत मोठ्यानें ओरडणारा मुलगा रात्रीं परसाकडे जातांना आईचा पदर धरून जात होता. मुलांच्या भीतीचा व शौर्याचा हिशेब हा असाच असतो.

खरा वाद पुढें आहे. रोह्याच्या एका माध्यमिक शाळेंत शिकविणाऱ्या एक भगिनी आहेत. त्यांना चित्रपटांतलीं भुतें खटकलीं नाहींत, खटकला तो विनोदाचा विषय. मुलीची इच्छा काय आहे हें न विचारतां "हीच पाहिजे" म्हणून हट्ट धरणारा तो मुंज्या. आणि त्याच्या ह्या हट्टावर प्रेक्षागृह खो-खो हंसतें. आज शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींच्या मागें असले मुंजे हाडामांसाचे लागतात, आणि तेथें कोणीहि हंसत नाहीं, असें त्या म्हणाल्या. हा आक्षेप हलक्यानें घेण्यासारखा नाहीं. चित्रपटाच्या बाजूनें एवढें सांगतां येईल कीं, त्यानें हा हट्ट कोठेंहि योग्य म्हणून दाखविलेला नाहीं. उलट मन मोकळें न करतां झुरणारा बिट्टू आणि नकार न समजणारा मुंज्या ह्या एकाच दुबळेपणाच्या दोन बाजू आहेत, असें तो सुचवितो. परंतु सुचविणें आणि स्पष्ट बोलणें यांत अंतर आहे. ज्या घरांत वाढत्या वयाचे मुलगे हा चित्रपट पाहतील, त्या घरांतल्या वडील माणसांनीं तें अंतर स्वतःच्या दोन शब्दांनीं भरून काढावें.

दुसरा आक्षेप रोह्याच्याच एका निवृत्त संस्कृत शिक्षकांचा. गांवांत त्यांना सर्व जण शास्त्रीबुवा म्हणतात. ते चित्रपटावर रागावले आहेत, आणि त्यांच्या रागाला दोन कारणें आहेत. उपनयन हा विद्यारंभाचा संस्कार. मुलाला सन्मार्गास लावण्याचा सोहळा. तो येथें वात्रट पोराला वठणीवर आणण्याचा दंड म्हणून दाखविला आहे, हें पहिलें. आणि ब्राह्मण घरांतला मुलगा सख्ख्या बहिणीवर शस्त्र उचलतो ही कल्पना त्यांना असह्य वाटते, हें दुसरें. दुसऱ्या आक्षेपाविषयीं आम्हांस असें म्हणावेंसें वाटतें कीं, नरबळीची क्रूरता अमुक एका जातींत असूं शकत नाहीं असें समजणें हेंच धोक्याचें आहे. महाराष्ट्रांत नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा २०१३ सालीं झाला; त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत हत्या झाली आणि मग तो कायदा आला. एवढी किंमत देऊन जो कायदा मिळाला त्याचा विषय कोणा परक्या समाजाचा आहे, असें आपण मानूं नये. चित्रपटानें तो आपल्या घरांत आणून ठेवला, हें बरेंच झालें.

पहिल्या आक्षेपाकडे मात्र लक्ष दिलें पाहिजे, कारण शास्त्रीबुवांनीं तो मांडतां मांडतां जें सांगितलें तेंच आमच्या मतें ह्या साऱ्या चर्चेचें सार आहे. मुंज नांवाच्या गवताची मेखला बटूच्या कमरेस बांधतात म्हणून तो संस्कार मौंजीबंधन. अध्ययन संपलें कीं समावर्तन होतें. तेव्हां ती मेखला सोडतात, म्हणून ती सोडमुंज. पूर्वीं ह्या दोहोंमध्यें वर्षांमागून वर्षें जात. हल्लीं बहुतेक घरीं सोडमुंज लग्नाच्या वेळींच उरकून घेतात. ह्या दोन विधींच्या मध्यें जो मुलगा दगावला तो मुंज्या. म्हणजे ज्याची मेखला बांधली गेली पण सोडली गेली नाहीं, जो ब्रह्मचर्यांतून सुटला नाहीं आणि संसाराला लागला नाहीं, असा वाटेंतच अडकलेला मुलगा.

ही व्याख्या केवळ शास्त्रीबुवांची नव्हे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ सालीं अनंत कान्हेरे यांनीं वध केला, हे लोकांच्या चालीरीतींचे अभ्यासक होते. इलाख्यांतल्या गांवोगांवच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून त्यांनीं उत्तरें मिळविलीं होतीं. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनीं तीं संपादून कोंकणचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या कुलाबा जिल्ह्यांतल्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडांतल्या, मास्तरांचींहि उत्तरें आहेत. वेताळ, समंध, झोटिंग, देवचार, गिऱ्हा, खवीस, हडळ, जखीण, अशी ती सगळी बिरादरी तेथें ओळीनें भेटते, आणि त्यांत आपला मुंज्याहि आहे. ती यादी नीट वाचली तर ध्यानांत येतें कीं, कोंकणांतलें जवळजवळ प्रत्येक भूत म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचें नांव आहे. बुडून मेला तो गिऱ्हा. बाळंतपणांत गेली ती हडळ वा अळवंत. मुंज होऊन गेला तो मुंज्या. ज्या काळीं घरटीं एक-दोन मुलें हाताशीं येण्यापूर्वींच जात, त्या काळच्या दुःखानें आपल्या मृतांची केलेली ती नोंद आहे. हंसवण्यासाठीं भूत निवडतांना चित्रपटवाल्यांनीं नकळत त्या नोंदवहींतलें सर्वांत कोंवळें पान उघडलें.

तें पान कोणाचें तरी असतें, हें पेणच्या एका आजींच्या मतावरून कळून आलें. त्यांचें वय पंचाऐंशीच्या पुढें. नातवंडांनीं आग्रहानें त्यांना दूरचित्रवाणीपुढें बसविलें. मुंज्या लग्नासाठीं हट्ट करूं लागला तेव्हां त्या मोठ्यानें हंसल्या. नातवंडांना बरें वाटलें. चित्रपट संपल्यावर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या कीं, असाच हट्ट आमचा दादा करी. फणसाचे गरे आधीं मला, म्हणून पाय आपटी. ह्या दादाचें नांव त्या घरांत कित्येक वर्षांत कोणीं घेतलें नव्हतें. नातवंडांना तर तो होता हेंहि ठाऊक नव्हतें. १९४७ च्या वैशाखांत त्याची मुंज झाली आणि त्याच वर्षीं ऐन पावसांत, ओढ्यांना पूर आलेले असतां, तो तापानें गेला. वैद्य पोंचले ते तिसऱ्या दिवशीं. पुढें आळींतल्या कोणी बाईनें कुजबुजत म्हटलें कीं, पोर मुंज्या झाला, पिंपळावर आहे. त्या बाईचा आजींच्या आईला राग आला नाहीं. मुंज्या झाला म्हणजे कोठें लांब गेला नाहीं, गांवांतच आहे, असा तिनें त्याचा अर्थ घेतला. आणि हातपाय चालत होते तोंपर्यंत दर शनिवारीं ती पारावर पणती ठेवून येई.

चित्रपटाविषयीं आजींचें मत काय, असें नातीनें विचारलें. चित्रपटाचा शेवट मोठ्या झटापटीचा आहे. आग, आरडाओरडा, पळापळ, सारें आहे. आजींचें उत्तर असें : "एवढीं माणसें त्याच्याशीं लढलीं, पण त्याची सोडमुंज करावी असें एकालाहि सुचलें नाहीं." त्या रात्रीं त्यांनीं नातवंडांना दादाचें नांव सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्या मुलानें घरच्या जुन्या वहींत तें लिहून ठेवलें.

आम्हांस ह्या उत्तरांत चित्रपटाची सर्वांत न्याय्य परीक्षा दिसते. 'मुंज्या'चा पूर्वार्ध चांगला आहे, कारण तेथें भूत हें हट्टी मूल आहे, आणि ज्या बहिणीवर त्यानें हात उगारला तीच आतां पिकल्या केंसांची आजी होऊन त्याच घरांत वावरते आहे. ह्या दोघां भावंडांची गांठ हा केवढा मोठा प्रसंग! तो येतो, भिववितो आणि निघून जातो. त्याच्यापाशीं थांबावयास दिग्दर्शकाला सवड नाहीं. उत्तरार्धांत मूल नाहींसें होतें आणि उरतो तो केवळ राक्षस. मग हंसूंहि उसनें वाटूं लागतें व भयहि. शास्त्रीबुवांना संस्कार बिघडल्याचें दुःख झालें, शिक्षिकाबाईंना हट्टाचा विनोद केल्याचें, आणि आजींना मूल सुटलें नसल्याचें. तिघांचीं मतें वेगवेगळीं वाटलीं तरी तक्रार मुळांत एकच आहे : ज्याला भूत केलें त्याला माणूस म्हणून अखेरपर्यंत नेलें नाहीं.

तथापि ह्यामुळें चित्रपट पाहूंच नये असें आम्ही म्हणणार नाहीं. रोह्याच्या एका गृहस्थांनीं तर वाद मिटविण्यासाठीं असें सांगितलें कीं, धावीर महाराजांच्या हद्दींत मुंज्याचें कांहीं चालत नाहीं, तेव्हां निश्चिंत मनानें पाहावा! दसऱ्याच्या सुमारास ज्याच्या पालखीला पोलिसांची मानवंदना मिळते, त्या ग्रामदैवताच्या भरंवशावर एवढें धाडस करावयास हरकत नसावी. आठ-दहा वर्षांच्या आंतल्या मुलांना मात्र तो रात्रीं एकट्यानें पाहूं देऊं नये. जवळ वडील माणूस असावें, आणि शक्य तर तें घरांतलें सर्वांत वडील माणूस असावें.

एक शेवटची गोष्ट. पुण्या-मुंबईच्या कांहीं वसाहतींतून ऑक्टोबरच्या अखेरीस मुलांना भुतांचीं सोंगें देण्याची हौस आतां दिसूं लागली आहे, आणि ती आमच्याकडेहि येणार, तिला विरोध करावा काय, असें एका मातेनें विचारलें आहे. मुलांनीं सोंगें घ्यावींत. तोंडाला काजळ फांसून हंसण्यानें कोणाचें वाईट झालेलें नाहीं. परंतु परक्या भोपळ्याला डोळे कोरतांना आपल्या पारावरच्या पणतीची हकीकतहि त्यांना सांगावी. पिंपळावर कोणी बसलेलें नाहीं हें तर सांगावेंच, आणि तेथें कोणीतरी आहे असें एका आईला कां वाटत राहिलें तेंहि सांगावें. पहिल्यानें मुलाची भीति जाईल, दुसऱ्यानें त्याला घरच्या माणसांची ओळख होईल.

ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें न घेतलेलें नांव असेल, त्यांनीं तें घरांतल्या मुलांना सांगावें. आणि 'मुंज्या'विषयीं ज्यांचें मत ह्या साऱ्यांहून निराळें असेल, त्यांनीं तें आम्हांस अवश्य कळवावें. जागा असेल त्याप्रमाणें पुढील अंकीं त्याचा परामर्श घेऊं.